पाण्याच्या प्लँटवरचा ई-अँड-आय टेक्निशियन: आकडा पडताळायचा कसा

भोकरपाड्याचं जलशुद्धीकरण केंद्र ४५० एमएलडीचं, म्हणजे दिवसाला ४५ कोटी लिटरचं. मोरबे धरणाचं पाणी तिथे शुद्ध होऊन नवी मुंबईला येतं. एवढ्या मोठ्या केंद्राच्या फ्लोमीटरमध्ये एक टक्क्याची चूक धरली तर ती दिवसाला ४५ लाख लिटर होते. माणशी १३५ लिटरच्या निकषाने ३३ हजार माणसांचं पाणी. स्क्रीनवर एक टक्का कुणाच्या डोळ्यांना दिसतही नाही.

इलेक्ट्रिकल आणि इन्स्ट्रुमेंटेशन दोन्ही सांभाळणाऱ्या टेक्निशियनचं काम विचारलं की मोटर, पॅनेल, केबल अशी उत्तरं येतात. ती बरोबरच आहेत. पण ऑपरेटर डोस ठरवतो तो आकड्यावर, पीएलसी (यंत्रं आपोआप चालवणारा संगणकी नियंत्रक) पंप चालू-बंद करतो तो आकड्यावर, आणि तो आकडा खरा आहे का हे दुसऱ्या मार्गाने तपासून सांगणं ही जबाबदारी याच माणसाची असते. पुढचं सगळं त्यासाठी आहे.

काम कुठे, कागद कोणते

ठाण्याचं पाणी एका ठिकाणाहून येत नाही. महापालिकेची स्वतःची योजना, स्टेम ही पाणीपुरवठा कंपनी, मुंबई महापालिका आणि एमआयडीसी असे चार स्रोत आहेत, त्यामुळे टेमघर, जांभूळ अशी केंद्रं कामासाठी पंचक्रोशीतच पडतात. नवी मुंबईत सांडपाण्याचे प्लँट नेरूळ, वाशी, सानपाडा, बेलापूर, कोपरखैरणे, ऐरोली असे खाडीच्या कडेने आहेत. कोपरखैरणे आणि ऐरोलीत सांडपाणी आणखी एक टप्पा शुद्ध करून उद्योगांना देण्याची सोय आहे. तिथे उपकरणं जास्त, म्हणून शिकायला जास्त.

आयटीआयचा इलेक्ट्रिशियन किंवा इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक ट्रेड, त्यावर अप्रेंटिसशिप, आणि राज्याच्या अनुज्ञापक मंडळाचा तारतंत्री परवाना हा नेहमीचा रस्ता. पुढे पर्यवेक्षकाचा परवाना काढावा. इलेक्ट्रिशियन झालेल्यांनी ४-२० मिलिअँपचा लूप (मोजलेला आकडा करंटच्या रूपात पीएलसीपर्यंत नेणारं वायरिंग) आणि इन्स्ट्रुमेंटवाल्यांनी स्टार्टरचं वायरिंग पहिल्या वर्षातच पक्कं करावं. रात्रपाळीला माणूस एकच असतो, बिघाड मात्र दोन्हीकडचे येतात.

हात लावण्याआधी

पंप बंद दिसतो म्हणून तो बंद आहे असं समजू नका. सिलेक्टर ऑटोवर असेल तर पातळी वाढताच पीएलसी त्याला सुरू करणार. सिलेक्टर ऑफवर, मग फीडरचा आयसोलेटर खाली, त्याला स्वतःचं कुलूप, किल्ली स्वतःच्या खिशात, आणि नाव-वेळ लिहिलेला टॅग. टेस्टर आधी चालू फेजवर लावून बघा, मग बंद केलेल्या टर्मिनलवर, मग पुन्हा चालू फेजवर. मधल्या वेळात टेस्टरच मेला असेल तर तिसऱ्या चाचणीत कळतं. व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) असेल तर त्यावर लिहिलेली वेळ थांबा (सहसा पाच ते दहा मिनिटं) आणि डीसी बसवरचं (ड्राइव्हच्या आत वीज साठून राहते तिथलं) व्होल्टेज ५० व्होल्टच्या खाली आल्याचं मीटरने बघूनच हात घाला.

सांडपाण्याच्या वेट वेलमध्ये (सांडपाणी साठून पंपाकडे जातं त्या विहिरीत) कुणीही उतरायचं नाही. सबमर्सिबल पंप गाइड रेलवरून चेन ब्लॉकने वर ओढून घ्यायचा, सगळं काम वर. उतरणं खरोखर टळत नसेल तर परमिट, आत हवा फेकणारा ब्लोअर, हार्नेस, ट्रायपॉड, वर सतत थांबणारा माणूस आणि गॅस मीटर. मोजण्याचा क्रम ऑक्सिजन, मग स्फोटक वायू, मग हायड्रोजन सल्फाइड. तेही वर, मध्ये आणि तळाशी. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली, स्फोटक वायू एलईएलच्या (वायू पेट घेऊ शकतो त्या किमान प्रमाणाच्या) १० टक्क्यांवर किंवा सल्फाइड १० पीपीएमवर असेल तर काम बंद. १०० पीपीएमच्या आसपास नाकाला सल्फाइडचा वासच येईनासा होतो. वास गेला म्हणजे गॅस गेला, असं समजून माणसं जीव गमावतात.

लूप: इथे वेळ द्या

समजा संपच्या (पाणी साठवायच्या टाकीच्या) लेव्हल ट्रान्समीटरची, म्हणजे पातळी मोजून करंट पाठवणाऱ्या उपकरणाची, रेंज ० ते ६ मीटर आहे. ३ मीटरला १२ मिलिअँप यायला हवेत. सूत्र साधं आहे: पातळी भागिले रेंज, गुणिले १६, अधिक ४. पीएलसीचं कार्ड ० ते २७,६४८ काउंटचं (पीएलसीच्या आतल्या अंकांचं) असेल तर १२ मिलिअँपला १३,८२४ काउंट दिसले पाहिजेत. म्हणजे चार जागी बघायचं: पाणी प्रत्यक्ष किती, ट्रान्समीटरच्या डिस्प्लेवर किती, वायरमध्ये किती मिलिअँप आणि स्क्रीनवर किती. जिथे मेळ तुटतो तिथे बिघाड.

1. ऑपरेटरला सांगा आणि त्या लेव्हलवर चालणारे पंप मॅन्युअलवर घ्या. लूप तोडताच करंट चार मिलिअँपच्या खाली जातो आणि लो-लेव्हल इंटरलॉक (पाणी कमी झालं की पंप थांबवणारी सुरक्षा) चालू पंप ट्रिप करतो. कोणता इंटरलॉक किती वाजता बायपास केला हे लॉगबुकात लिहा.
2. शक्य तोवर लूप तोडूच नका. लूपमध्ये २५० ओहमचा रेझिस्टर असेल तर त्यावरचं व्होल्टेज मोजा. १ ते ५ व्होल्ट यायला हवं; ३ व्होल्ट म्हणजे १२ मिलिअँप.
3. मग ट्रान्समीटर काढून त्याजागी लूप कॅलिब्रेटर (ठरवलेला करंट देणारं उपकरण) लावा. ४, ८, १२, १६, २० मिलिअँप द्या आणि प्रत्येक वेळी स्क्रीनवरचा आकडा लिहा. खाली उतरतानाही तेच.

आता आकडे वाचा. सगळीकडे सारखाच फरक, समजा प्रत्येक ठिकाणी १० सेंटिमीटर जास्त, तर झिरो सरकला आहे. खाली फरक शून्य आणि वर जाईल तसा वाढतो, तर रेंज जुळत नाही. ट्रान्समीटर ० ते ६ वर आणि पीएलसी ० ते ५ वर असेल तर ६ मीटर पाण्याला स्क्रीन ५ दाखवेल, ३ मीटरला २.५. ट्रान्समीटर बदलल्यावर हा घोळ सर्रास होतो, कारण जुन्याची रेंज कुणी लिहून ठेवलेली नसते.

तिसरा प्रकार सगळ्यात फसवा. खाली सगळं बरोबर, पण ठरावीक पातळीच्या वर आकडा जातच नाही. हे व्होल्टेजचं दुखणं. लूपला २४ व्होल्ट मिळतात आणि ट्रान्समीटरला स्वतःसाठी किमान १२ लागतात असं धरा, उरले १२. लूपचा एकूण रोध ६०० ओहम असेल तर जेमतेम २० मिलिअँप वाहतील. जंक्शन बॉक्समधलं एक टर्मिनल गंजून २०० ओहम वाढले की १२ भागिले ८०० म्हणजे १५ मिलिअँपच्या वर करंट चढणारच नाही. संपमध्ये साडेपाच मीटर पाणी असो की सहा, स्क्रीन ४.१ वर अडकते आणि हाय-लेव्हल अलार्म कधीच वाजत नाही. संप ओसंडून वाहू लागल्यावर लोक ट्रान्समीटर बदलतात, आणि नवाही तेच दाखवतो. केबलमुळे एवढा रोध सहसा येत नाही. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या केबलचा रोध येऊन-जाऊन एका किलोमीटरला सुमारे २४ ओहम असतो. म्हणून आधी टर्मिनल उघडून बघा.

केबलची शील्ड (बाहेरचा विद्युत गोंधळ अडवणारं धातूचं आवरण) एकाच टोकाला अर्थ करायची, सहसा पॅनेलच्या बाजूला. दोन्हीकडे केली तर दोन अर्थिंगमधल्या फरकाचा करंट शील्डमधून फिरतो आणि मोठी मोटर सुरू होताच आकडा नाचायला लागतो.

पातळी आणि प्रवाह यांची हातची पडताळणी

पाण्यात सोडलेल्या हायड्रोस्टॅटिक ट्रान्समीटरची परीक्षा मिनिटभराची आहे. केबलला खूण करून तो बरोबर १ मीटर वर ओढा. आकडा १ मीटरने उतरला पाहिजे. उतरला नाही तर सेन्सरच्या तोंडावर गाळ बसला आहे किंवा आतला डायफ्राम गेला आहे. याच्या केबलमध्ये हवेची बारीक नळी असते. पावसाळ्यात तिच्यात ओल शिरून ती तुंबली की पाणी स्थिर असतानाही हवेच्या दाबाबरोबर आकडा सरकत राहतो. तिचं टोक सिलिका जेलच्या पुडीसह कोरड्या बॉक्समध्ये ठेवा.

अल्ट्रासॉनिकला फेस आणि वाफ चालत नाही. सांडपाण्याच्या वेट वेलवर रडार लावलेला बरा. सेन्सर कोणताही असो, अगदी वरच्या पातळीला पीएलसीला वळसा घालून थेट स्टार्टरला जोडलेला फ्लोट स्विच असलाच पाहिजे.

मॅग्नेटिक फ्लोमीटरसाठी पाइप पूर्ण भरलेला हवा, आधी व्यासाच्या पाचपट आणि नंतर दोन-तीनपट सरळ पाइप हवा, आणि आतून लायनिंग केलेल्या पाइपात अर्थिंग रिंग हव्यात. रिंग नसतील किंवा त्यांच्या वायर तुटल्या असतील तर आकडा विनाकारण हलतो. पडताळणी संपनेच करा. संप २० बाय १५ मीटरचा असेल तर क्षेत्रफळ ३०० चौरस मीटर. इनलेट व्हॉल्व्ह पूर्ण बंद करून पंप चालवा. १२ मिनिटांत पातळी अर्धा मीटर उतरली तर १५० घनमीटर पाणी गेलं, म्हणजे ताशी ७५० घनमीटर, म्हणजे १८ एमएलडी. मीटर १६ दाखवत असेल तर इलेक्ट्रोडवर थर साचला आहे किंवा मीटरमध्ये व्यास चुकीचा भरला आहे. मात्र आधी इनलेट व्हॉल्व्ह गळत नाही ना ते बघा: पंप बंद ठेवून दहा मिनिटं पातळी स्थिर राहते का पाहायचं. ही खात्री न करता काढलेलं उत्तर मीटरपेक्षाही वाईट.

हाच हिशोब डोसिंग पंपाला. १ एमएलडीला १ मिलिग्रॅम प्रति लिटर म्हणजे दिवसाला १ किलो. २० एमएलडीला ३० मिलिग्रॅम तुरटी लागते तर दिवसाला ६०० किलो. १० टक्क्यांचं द्रावण असेल तर ६,००० लिटर, ताशी २५०. कॅलिब्रेशन कॉलममधून अर्ध्या मिनिटात सुमारे २.१ लिटर उतरलं पाहिजे. कमी उतरलं तर पंपाच्या मोटरकडे जाण्याआधी सक्शनची जाळी आणि नॉनरिटर्न व्हॉल्व्हमधला तुरटीचा खडा बघा. डोस किती हवा हे जार टेस्ट (भांड्यांत वेगवेगळे डोस घालून बघण्याची चाचणी) ठरवते. पहिल्या पावसात गढूळपणा तासातासाला बदलतो, तेव्हा केमिस्टला जुन्या आकड्यावर बसवून ठेवू नका. पंप प्रत्यक्ष किती देतो आहे ते त्याला लगेच मोजून द्या.

क्लोरिन

आयएस १०५०० प्रमाणे नळाच्या पाण्यात मोकळा क्लोरिन किमान ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर हवा, आणि गढूळपणा शक्यतो १ एनटीयूच्या (गढूळपणाच्या एककाच्या) आत. क्लोरिन ॲनालायझरला नमुन्याचा प्रवाह कमी झाला की पाणी तेच असूनही आकडा उतरतो. म्हणून आधी रोटामीटर (नमुन्याचा प्रवाह दाखवणारी नळी) बघायचा, मग सेन्सरचं मेम्ब्रेन. मग डीपीडीने (क्लोरिन असेल तर गुलाबी होणाऱ्या रसायनाने) हाताने मोजून ताडायचं, तेही पाणी ॲनालायझरच्याच सॅम्पल लाइनमधून घेऊन. क्लोरिन फार जास्त असेल तर डीपीडीचा गुलाबी रंगच उडतो आणि बाटलीतलं पाणी बिनरंगी दिसतं. शून्य आलं म्हणून डोस वाढवण्याआधी नमुना दहापट पातळ करून पुन्हा बघा.

टनर, म्हणजे क्लोरिनचा मोठा आडवा सिलिंडर, ९०० किलोचा असतो. त्याचे दोन व्हॉल्व्ह उभ्या रेषेत ठेवायचे. वरच्यातून वायू निघतो, खालच्यातून द्रव. क्लोरिन हवेपेक्षा सुमारे अडीचपट जड. म्हणून गळतीचा सेन्सर जमिनीपासून फूटभर वर, एग्झॉस्टचं तोंडही खालीच, आणि पंख्याचा स्विच दाराबाहेर. आपल्या ताब्यातली कामं अशी: सेन्सरला टेस्ट गॅस देऊन तो अलार्म आणि पंखा-स्क्रबर (गळलेला वायू कॉस्टिकच्या द्रावणात शोषणारी यंत्रणा) खरंच सुरू करतो का हे ठरलेल्या दिवशी बघणं, कॉस्टिकचा पंप फिरतो का बघणं, आणि हे सगळं मुख्य वीज गेल्यावरही चालतं का ते पाहणं. गळतीची जागा अमोनियाच्या बोळ्याने शोधतात, तिथे पांढरा धूर येतो. गळणाऱ्या टनरवर पाणी मारू नका. ओलं क्लोरिन धातू खातं आणि भोक मोठं होतं. पाठीवरच्या हवेच्या सिलिंडरचा संच घातल्याशिवाय आत जायचं नाही. कॅनिस्टरचा मास्क बाहेर पळून जाण्यापुरता.

पीएच आणि डीओ (पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन)

पीएचचा प्रोब ७ च्या बफरमध्ये (ठरावीक पीएचच्या द्रावणात) शून्याच्या जवळ, साधारण ३० मिलिव्होल्टच्या आत हवा. २५ अंशाला एका पीएचला सुमारे ५९ मिलिव्होल्ट. हा उतार ५९ च्या ८५ टक्क्यांच्या खाली गेला की प्रोब बदला. तो डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवू नका, पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात ठेवा. एअरेशन टाकीतला ऑप्टिकल डीओ प्रोब धुऊन, पुसून ओलसर हवेत धरला की ३० अंशाला साधारण ७.५ मिलिग्रॅम दाखवायला हवा. चार-पाच दाखवत असेल तर ब्लोअर उगाच जास्त पळतो आहे आणि वीजबिल त्याची साक्ष देतं.

मोटर पुन्हा पुन्हा ट्रिप होते तेव्हा

ओव्हरलोड रिले रीसेट करून पंप पुन्हा चालू करणं हा उपाय नाही. आधी तिन्ही फेजचं व्होल्टेज लोडवर मोजा. ४१५, ४०८, ३९८ आले तर सरासरी ४०७, सगळ्यात मोठा फरक ९, म्हणजे २.२ टक्के असंतुलन. करंटमधलं असंतुलन याच्या सहा ते दहापट होऊ शकतं. तेवढ्याने वाइंडिंग भाजतं. मग तिन्ही करंट लिहा, पंप बंद करून कुलूप लावा आणि मोटरच्या तिन्ही वायर एकाच दिशेने एकेक घर पुढे सरकवा. फिरण्याची दिशा तीच राहते. जास्तीचा करंट पुरवठ्याच्या त्याच फेजवर राहिला तर दोष पुरवठ्यात: फ्यूज, कॉन्टॅक्टरचे जळके पॉइंट, ढिला लग. मोटरच्या वायरबरोबर सरकला तर दोष मोटरमध्ये.

मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजणारं यंत्र) मारताना केबल व्हीएफडीपासून सोडवा, नाहीतर ड्राइव्ह जाईल. ४१५ व्होल्टच्या मोटरला ५०० व्होल्टचा मेगर. किमान मर्यादा १ मेगओहम अधिक मोटरच्या किलोव्होल्टइतके मेगओहम, म्हणजे सुमारे दीड. पण चांगली मोटर शंभरांत दाखवते. मागच्या महिन्यात २०० आणि आज ५ असेल तर मर्यादेत आहे म्हणून सोडू नका. मोटर आणि केबल वेगवेगळ्या मोजा. सबमर्सिबलमध्ये निम्म्या वेळा दोष केबलच्या जॉइंटमध्येच सापडतो.

स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये ओव्हरलोड रिले वाइंडिंगच्या मार्गात बसवला असेल तर त्यातून पूर्ण करंटच्या ०.५८ पटच जातो. ३७ किलोवॅटच्या मोटरचा करंट ६६ अँपिअर असेल तर सेटिंग ३८ ला हवं. मोटरवरची प्लेट वाचून ६६ वर ठेवलं तर मोटर जळेपर्यंत रिले शांत.

खाडीची हवा, सल्फाइड आणि पाऊस

सांडपाण्याच्या प्लँटमधला गॅस पॅनेल रूममध्ये येतो तो बहुतेक वेळा केबलच्या डक्टमधून. वेट वेलपासून पॅनेलच्या तळापर्यंत ती वाटच तयार असते. तांबं काळं पडतं, रिलेचे पॉइंट आणि पीएलसी कार्डाचे कनेक्टर धरेनासे होतात आणि येऊन-जाऊन होणारे बिघाड सुरू होतात. प्रत्येक डक्टचं तोंड दोन्ही टोकांना सीलंटने बंद करा आणि नवी केबल ओढल्यावर ते पुन्हा भरलं का बघा. खोलीत कार्बन फिल्टरमधून हवा आत ढकलून दाब किंचित जास्त ठेवला तर फार फरक पडतो. एसीत थंड झालेलं पॅनेल दमट दिवसात उघडं ठेवू नका. आत दव धरतं.

मे महिन्यातच आटपायच्या गोष्टी: जंक्शन बॉक्समध्ये केबल खालून घ्यावी आणि ग्लँडच्या आधी तिला झोळ द्यावा, रिकामी भोकं प्लगने बंद करावीत, सर्ज प्रोटेक्टरची खूण हिरवी आहे का बघावी, पॅनेलचे हीटर तापतात का हात लावून नव्हे तर करंट मोजून बघावं, ट्रान्सफॉर्मरच्या ब्रीदरमधलं सिलिका जेल बदलावं. अर्थिंगही मे महिन्यातच मोजा. ऑगस्टमध्ये ओल्या जमिनीत कोणताही पिट चांगलाच आकडा देतो. खाडीकाठी माती खारी, म्हणून रोध कमी येतो, आणि त्याच खारेपणाने जीआयची (जस्त चढवलेल्या लोखंडाची) पट्टी आतून खाल्ली जाते. त्यामुळे आकड्यावर न थांबता पिट उकरून पट्टी आणि क्लॅम्प डोळ्यांनी पाहा.

शिफ्ट सोडताना

लॉगबुकात "चेक केलं, ओके" एवढंच लिहू नका. उपकरणाचा टॅग नंबर, कॅलिब्रेशनच्या आधीचे आकडे, नंतरचे आकडे, रेंज आणि वापरलेलं उपकरण लिहा. आधीचे आकडे नसतील तर उपकरण किती दिवस चुकत होतं हे कुणालाच काढता येत नाही. बायपास केलेला प्रत्येक इंटरलॉक पुढच्या माणसाला तोंडी सांगा आणि त्याची सही घ्या. कपाटात २४ व्होल्टचा एक पॉवर सप्लाय, प्रत्येक साइझच्या कॉन्टॅक्टरची एक कॉइल, दोन फ्लोट स्विच, लूपच्या काचेच्या फ्यूजची एक डबी, २५० ओहमचे चार रेझिस्टर, एक डीओ कॅप आणि मुदत न संपलेले बफर ठेवा. पीएलसी प्रोग्रामची आणि सगळ्या व्हीएफडी पॅरामीटरची ताजी प्रत दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा, त्यातली एक पॅनेल रूमच्या बाहेर.